वन्संनी पाठवलेला स्टिरिओ

तीर्थस्वरूप वन्सं यांस वहिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी धाकट्या, पण नणंद ही जन्मतःच तीर्थस्वरूप असते, असं मला या घरात आल्या दिवशीच समजावण्यात आलं होतं. गेली एकोणीस वर्षं मी ते पाळते आहे.) तुमची कंबर कशी आहे? बसून बसून धरते म्हणालात. तुम्हाला एवढं बसायला मिळतं हे ऐकून बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल. पत्र एवढ्यासाठी, की फोनवर तुम्ही "ऐक ना वहिनी" म्हणता आणि मग मी ऐकतच बसते. कागद मध्ये बोलत नाही.

तर बाबांच्या गाडीसाठी तुम्ही पाठवलेला स्टिरिओ महिन्यापूर्वीच पोचला. खोकं फार उत्तम होतं, त्यात आता कांदे राहतात. तुमचं म्हणणं असं, की बाबा त्या खरखरणाऱ्या जुन्या टेपवर काय ऐकत बसतात कोण जाणे, चांगलं काहीतरी वाजलं की त्यांचं मन रमेल. वन्सं, बाबा त्या टेपवर काहीही ऐकत नसत. ते ती टेप दुरुस्त करत असत. रोज चार वाजले की अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचे, टेप बाहेर ओढायचे, स्पिरिटच्या बोळ्याने आतून पुसायचे, तिचा रबरी पट्टा काढून पुन्हा चढवायचे, दोन मिनिटं खरखर ऐकायचे आणि मान हलवून पाचला आत यायचे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बिघडलेली असायची, कारण आदल्या दिवशी त्यांनी ती दुरुस्त केलेली असायची. अकरा वर्षं हे चाललं. दिवसभरात बाबा खोलीबाहेर पडायचे तो हा एक तास, आणि दिवसभरात मला कुणी हाक मारायचं नाही तोही हाच. त्या तासात मी काय करायचे? काही नाही. जमिनीवर आडवी व्हायचे. एवढं एकच सुख होतं हो माझं, आणि त्यावर तुमचा स्टिरिओ येऊन बसला.

तो बसवायला कुणाला बोलवावं, असं मी नुसतं म्हटलं, तर तुमचे बंधू म्हणाले, "त्यात काय एवढं!" (या तीन शब्दांनी आमच्या घरातला गिझर गेला, शिवणयंत्र गेलं आणि मागच्या दाराची कडी गेली.) तुम्हाला माहीतच आहे, ग्रंथपाल माणूस, घरातल्या डाळीच्या डब्यांनाही क्रमांक दिलेत. रविवारी सकाळी त्यांनी माझी चांगली सुरी घेऊन गाडीच्या डॅशबोर्डला हात घातला. समोरची पट्टी निघाली. मग निघू नये असं जे जे होतं तेही निघालं. जुन्या टेपची फट बोटभर उंच आणि तुमचा स्टिरिओ वीतभर, म्हणून फट कापून मोठी केली. ती इतकी मोठी झाली, की स्टिरिओ ठेवला की आत पडायचा. मग बाजूने पुठ्ठा लावला. खोक्याची झाकणं त्यात गेली, म्हणून कांदे उघडे राहतात.

इथवर मी दात-ओठ खात का होईना, पण गप्प होते. पुढचं मात्र मी मेल्याशिवाय विसरणार नाही. बाबा जन्मभर कारखान्यात वायरमन, आणि त्या गाडीची वायर न् वायर त्यांनी स्वतःच्या हाताने बदललेली. सगळ्या वायरी एकाच भेंडोळ्यातल्या, एकाच करड्या रंगाच्या. त्यांची खूण रंगाची नव्हतीच, गाठींची होती. बॉयलरच्या खोलीत काळोख असायचा, म्हणून त्यांना बोटांनी वायर ओळखायची सवय. एक गाठ म्हणजे दिवा, दोन म्हणजे हॉर्न, तीन म्हणजे वायपर, असं पार सातपर्यंत. एकदा मी बॅटरीचा उजेड धरून उभी असताना त्यांनीच मला सांगितलं होतं. मुलाला कधी सांगितलं नाही, कारण "जेवलात का?" आणि "हो" यापलीकडे बापलेकांचं बोलणं गेलेलं मी पाहिलेलं नाही. मी बाजारातून आले तेव्हा तुमचे बंधू घामाघूम होऊन हसत होते. म्हणाले, "बाबांनी किती गुंता करून ठेवला होता बघ! सगळ्या गाठी सोडवल्या." माझ्याच केसांचा आकडा घेऊन, एकेक करून, सगळ्या! वायरी विंचरल्यासारख्या सरळ, वर चिकटपट्टी. मला आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण या घरात मला विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे.

मग अर्थातच मिस्त्री आणावा लागला. त्याने आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, "साहेब, हे कुणी केलं?" साहेब म्हणाले, "आधीच्या माणसाने." (आधीचा माणूस आतल्या खोलीत झोपला होता.) मिस्त्रीने अंदाजाने वायरी जोडल्या. स्टिरिओ लागला, नाही म्हणणार नाही. फक्त आता ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरतात आणि आवाज मोठा केला की पुढचे दिवे मंदावतात. मिस्त्री म्हणाला, सगळं उपसून नव्याने करावं लागेल, आणि जो गेला तो गेला.

चारला बाबा आले. बसले. पडदा उजळला आणि एका बाईने गोड आवाजात कुठल्याशा भाषेत स्वागत केलं. बाबा दचकून मला म्हणाले, "गाडीत कोण बसलंय गं?" मी सांगितलं, तुमच्या लेकीने पाठवलंय. ते बरं म्हणाले. मग सवयीने हात डॅशबोर्डखाली वायरींत घातला. हात फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मला तिथे उभं राहवेना. "ही आपली गाडी नाही," एवढं म्हणाले आणि आत येऊन पलंगावर बसले. दुसऱ्या दिवशी चारला उठलेच नाहीत. "अगं, पाणी." "अगं, पंखा." "अगं, किती वाजले?" चार वाजून दहा, बाबा. चार वाजून बारा, बाबा. जुनी टेप तुमच्या बंधूंनी त्याच दिवशी भंगारात दिली होती. मी भंगारवाल्याचा अख्खा ढीग उपसला, घरी पाहुणे आले तरी मी घासत नाही इतकी भांडी तिथे बघितली, पण टेप काही मिळाली नाही.

तर विनंती एवढीच, की पुढच्या वेळी काही पाठवायचं मनात आलं तर आधी विचारा, आणि विचारून झालं की पाठवू नका. बाकी स्टिरिओ छान आहे. छान वाजतो. मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरतो, वाढवायचे कष्ट घेऊ नयेत.

तुमची,
वहिनी
(तुमच्या फोनमध्ये जिचं नाव 'घर' असं आहे)

ता. क. : स्टिरिओ छान वाजतो हे खोटं आहे. तो बंद आहे. मीच बंद पाडला. पंधरवड्यापूर्वी त्यात कपभर गोड चहा ओतला. म्हटलं, बिघडला तर बाबा उघडतील, चार ते पाच निघेल. उघडलाही त्यांनी, अगदी हौसेने, चष्मा पुसून. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर मुंगीएवढे तुकडे. पुसण्यासारखं काही नाही, फिरवण्यासारखं काही नाही. कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसले. मग सगळे स्क्रू नीट लावले आणि मला म्हणाले, "मला जमलं नाही हे तिला कळवू नकोस. हौसेने पाठवलाय तिने. छान वाजतो म्हणून लिही." म्हणून वर तसं लिहिलं.

ता. क. २ : हे तुमच्या बंधूंना माहीत नाही, ते पाचला ग्रंथालयात असतात. त्या दिवसापासून बाबा चार वाजता मलाच हाक मारतात, "चल, निघू." मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. गाडी जागची हलत नाही. (ब्रेकवर पाय पडू नये एवढं बघते.) पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठं चाललोय?" मी रागातच होते, म्हटलं, "तुमच्या लेकीकडे." त्यांना पटलं. "लांब आहे," म्हणाले आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसले. आता रोज तेच. पाच वाजले की मी म्हणते, आलं घर. ते उतरतात, शर्टाचं वरचं बटण लावतात, आपल्याच दाराची बेल दाबतात आणि उभे राहतात. मी मागच्या दाराने धावत आत जाते आणि पुढचं दार उघडते. मला बघून रागावत नाहीत. एवढंच विचारतात, "ती नाही का घरात?" मी म्हणते, बाहेर गेलीय, येईल इतक्यात. असे चौदा दिवस झाले. वन्सं, माझ्या तासाचं रडगाणं पुरे, तो गेला तो गेला. तुम्ही एकदा या. काही आणू नका. पाच वाजता बेल वाजली की फक्त दार उघडा.