ओंडक्यावरच्या चतुराचा फोटो

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वन विभाग, जालना.

अर्जदार : भुजंग पुंजाराम गाडेकर, वय ४६, धंदा शेती, रा. वडीगोद्री शिवार, ता. अंबड.

विषय : तळ्यातल्या ओंडक्याला डोळा असल्याबाबत.
संदर्भ : सोबत जोडलेला फोटो.

महोदय,

१) अर्जदार आन् त्याचा शेजारी कारभारी यांच्यात हॉटेलात चहा पिता पिता पैज लागली. तळ्यावर जे चतुर उडतात, ज्याला पोरं हेलिकॉप्टर म्हणतात, ते किती जातीचे? अर्जदार म्हणाला तीन : एक लाल, एक पिवळा, एक काळ्या ठिपक्यांच्या पंखाचा. कारभारी म्हणाला दोनच. हरणाऱ्यानं बाजाराच्या दिवशी गळ्याइतक्या पाण्यात जाऊन तीन डुबक्या मारायच्या आन् दर डुबकीला ‘मी येडा’ म्हणायचं. ही अट अर्जदारानंच टाकली, हे कळवण्यास लाज वाटते.

२) निकालासाठी अर्जदारानं जुन्या जालन्यातले फोटोवाले देवानंद यांचा कॅमेरा आणला, तिन्ही चतुरांचे फोटो काढले, ते मोठे करून घेतले आन् कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांपुढं ठेवले. सरांनी भिंग लावून पंखाच्या शिरा पाह्यल्या. लाल तो नर, पिवळी ती त्याचीच मादी, जात एक. ठिपक्यावाला दुसरा. कारभारी जिंकला. सरांचा निकाल बराबर आहे, त्याबद्दल तक्रार न्हाई.

३) तक्रार ठिपक्यावाला ज्याच्यावर बसला त्या ओंडक्याबद्दल आहे. सरांना ते इचारलंच न्हाई, कारण अर्जदाराचं ध्यान पैजेत होतं. घरी येऊन फोटो उन्हात धरला, तं ओंडक्याला खवले दिसले. खवल्यांच्या पुढं डोळा, आन् डोळ्यात उभी चीर. फोटो काढताना अर्जदार गुडघाभर पाण्यात, ओंडक्यापासून चार हातांवर, ‘हलू नको रे बाबा’ म्हणत उभा होता. चतुर हलला न्हाई. ओंडकाबी हलला न्हाई. तेव्हापासून अर्जदाराला अन्न जाईना. कालव्याच्या पाण्यासंग मगर आली असावी.

४) अर्जदार फोटो घेऊन घरोघर फिरला. कोणीच मानून न्हाई राह्यलं. कारण की मागं, तहसीलला फुकट रॉकेल वाटून राह्यले असं सांगून अर्जदारानं अर्ध्या गावाला डबे घेऊन उन्हात उभं केल्तं. कारभारी म्हणाला, “भुजंगा, डुबक्या टाळायला मगर आणली. उद्या हत्ती आणशील.” बायको सगुणाबाई हिनं फोटो लई वेळ न्याहाळला आन् म्हणाली, “खरं बोलताना तुमचं तोंड कसं दिसतं, तेच मला म्हाईत न्हाई.”

५) अर्जदारानं आजवर कोणाला पैज सोडली न्हाई. माजी सरपंचाला एस.टी. स्टँडवर कोंबड्यासारखं आरवायला लावलंय. म्हणून माघार घेता येईना. काल बाजार होता, अख्खा बाजार काठावर आल्ता. अर्जदार पाण्यात उतरला. पल्याड ओंडका होता, त्यावर चतुर. पहिली डुबकी मारली, ‘मी येडा’ म्हणलं, लोक हसले. दुसरी मारून वर आला, तं चतुर हवेत घिरट्या घालून राह्यल्ता आन् त्याला बसायला ओंडकाच न्हाई. पाणी सपाट. अर्जदार बोंबलत काठाकडं पळाला. लोकांना वाटलं, काय सोंग वठवलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या.

६) कारभारीनं तिथंच सगळ्यांपुढं जाहीर केलं की एक डुबकी बाकी आहे, ती पुढच्या बाजारी घेऊ. अर्जदार ती मारील, त्यासाठी हा अर्ज न्हाई. पण टाळ्या थांबल्या आन् बाया त्याच जागी पाण्यात उतरून धुणं आपटू लागल्या. सगळ्यात पुढं सगुणाबाई होती, कमरेइतक्या पाण्यात, अजून हसत. अर्जदार काठावरून हाका मारत होता. जितक्या हाका मारल्या तितक्या त्या जास्त हसल्या.

तरी साहेबांनी हा कागद हातात पडताच जीप काढावी, ही विनंती. फोटोत चतुर बघू नये.

आपला नम्र, आन् या खेपेला खरं बोलणारा,
भुजंग पुंजाराम गाडेकर
दि. ११/१०/१९९६

सोबत : फोटो एक. परत नको, घरात ठेववत न्हाई.