धरून बसलेला पारा

३ मार्च
हिचा रिपोर्ट आला. लघवीतला पारा वीसच्या आत हवा. हिचा एकशे सहासष्ट! लॅबला फोन करून आकडा दोनदा वाचून घेतला. तिथला माणूस वैतागला. वैतागू दे.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "घरात पारा कुठून आला?" सांगितलं — बावीस वर्षं पाऱ्याची रक्तदाबयंत्रं दुरुस्त करतो, घरातच. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पुस्तकं वाचून शिकलो. आणि सांडला तर तिथल्या तिथे गंधकाची पूड. गंधक पाऱ्याला धरतो, विषय संपला.

"वरवर धरतो," बाई म्हणाल्या. "थेंबावर साय येते, एवढंच. आतला पारा तसाच राहतो. साय फुटली की पुन्हा वाफ."

बावीस वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती! कान गरम झाले. ही शेजारी बसून पर्सची चेन लावत होती. चौथ्या खेपेला लागली.

४ मार्च
आजपासून ही मुलीकडे. या घरात राहायचं नाही, असा बाईंचा हुकूम.

संध्याकाळी जाऊन आलो. शिवणाचा डबा हिने सोबत नेलाय. शर्टांची काजं करते, हाताने. इंचाला चोवीस टाके — मोजलेत मी. आज दोराच ओवता येईना.

"एवढं टक लावून बघताय, तर द्या की ओवून."

ओवून दिला. पण सुईच हिच्या हातात ठरेना.

६ मार्च
दिवसभर वाचत होतो. शरीरातसुद्धा गंधक आहे — केसांत, नखांत, मूत्रपिंडात, मेंदूत. प्रथिनांच्या रेणूंना जणू गंधकाचे हात असतात. पारा त्या हातात सापडला की पाणी, मीठ, कशालाच दाद देत नाही. सुटतो तो एकाच कारणाने — जास्त घट्ट धरणारा दुसरा गंधक भेटला तर! म्हणून औषधाच्या रेणूला गंधकाचे दोन हात, चिमट्यासारखे. शरीराच्या हातून पारा काढून घ्यायचा आणि लघवीवाटे बाहेर न्यायचा.

किती सुंदर रचना!

हे लिहिलं आणि लाज वाटली.

७ मार्च
कॅप्सूल सुरू. डबी उघडली की सडक्या अंड्यांचा वास.

"अहो, घराचा एक कोपरा सोडला नाही तुमच्या गंधकाने. आता पोटात पण घाला!"

हसली. मीही हसलो — जरा जास्तच मोठ्याने.

१३ मार्च
तीनशे दहा!! दवाखान्यात ओरडलोच. "औषध ओढून बाहेर काढतंय म्हणून वाढला. चांगलं लक्षण आहे, काका," बाई म्हणाल्या. हे मला कळायला हवं होतं. औषधाचं सगळं वाचलं आणि नेमकं हेच सुटलं.

२६ मार्च
हाताला काही फरक नाही. सांडू नये म्हणून मुलीकडे चहाचा कप अर्धाच भरून देतात हिला.

१४ एप्रिल
एकतीस. मी पेढे मिळाल्यासारखा उठलो. बाई बसूनच.

"किडनीतला निघाला. मेंदूत जो धरून बसलाय, त्याच्यापर्यंत हे औषध पोचत नाही. कंप हळूहळू कमी होतो कधी कधी."

किती टक्के? किती महिने?

"सांगता नाही येणार."

मला आकडा हवा होता. कुठलाही.

ही बाहेर गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "काका, नुसत्या सांडण्याने एवढा पारा अंगात जाईल, हे मला पटत नाही. घरात आणखी काही होत होतं का, आठवून बघा."

"बघतो," म्हणालो.

१५ एप्रिल
हिने काजांचं काम दुसऱ्या बाईला दिलं. सुया, दोरे, बोटातलं टोपण, सगळं डबा भरून. "ती टाके लांब घालते," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ उजवा हात डाव्या हाताने धरून बसली.

काय करू मी? काय वाचू?

१६ एप्रिल
घर आवरायला मुलगी आली होती. पुस्तकांच्या मागे तिला माझा रिपोर्ट सापडला. माझा स्वतःचा, गेल्या जुलैतला. एकशे चार. या वहीतही मी तो कधी लिहिला नाही. तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पारा तापवून कोरडा करायची शेगडी मी माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात हलवली. तिथे हवा बाहेर टाकणारा पंखा आहे म्हणून. ही काजं करायला तिथेच बसते. उजेड चांगला म्हणून.

माझा आता सतरा आहे.

मुलीने कागद माझ्यापुढे धरला. मग एवढंच विचारलं, "बाबा, यावरची तारीख बरोबर आहे?"

बरोबर आहे.