नायक घर सोडत नाही

ती. दाजी,

नमस्कार. गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही "मजेत" असंच कळवणार, आणि जिना चढताना फोन घेतलात की तुमचा श्वास माझ्या कानाला वेगळंच सांगतो. (शिंप्याचा कान आहे. मशीनचा टाका चुकला की मला पाठमोरा असतानाही कळतं.)

पत्रास कारण, मी कादंबरी लिहायला घेतली आहे. हसू नका. काजं-बटणं करत करत स्वतःचं दुकान उभं केलं, तर कादंबरी का उभी राहू नये? नायक शिलाई मशिनी दुरुस्त करणारा निवृत्त मेकॅनिक. बायको गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहतो. (आमच्या ताईमागे तुम्हीही तसेच राहता, हा निव्वळ योगायोग.) कथानक मी आधीच बेतून ठेवलं होतं : शेवटी म्हातारा घर विकतो आणि मेहुण्याकडे कायमचा राहायला येतो. वाचक डोळे पुसतात. समाप्त.

पण हा गृहस्थ हलेल तर शपथ. छत गळायला लावलं, तर त्याने खाली बादली ठेवली आणि टपटप ऐकू येऊ नये म्हणून तिच्यात फडकं टाकलं. इमारतीचा पाण्याचा पंप बंद पाडला, तर पठ्ठ्याने तो स्वतःच उघडला आणि दुपारपर्यंत चालू केला. आता ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं ते शेजारीही त्याच्याकडे चहाला येतात. म्हणजे मी उपटायला जावं आणि याची मुळं आणखी खोल जावीत. जिन्यात घसरवलंसुद्धा (हलकेच, मलाच धीर होईना), पण त्याने मेहुण्याला पत्ता लागू दिला नाही.

शेवटी आमच्या हिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, कोट आधी शिवलात आणि आता माणूस त्यात कोंबताय. माप कधी घेतलंत? तो काय कुणाकडे राहायला जाणाऱ्यांपैकी आहे? कुणाचं काही बिघडलं असेल तर मात्र जेवणावरून उठून जाईल."

तीस वर्षं लोकांची मापं घेतो मी, आणि हे हिने सांगावं.

तेव्हा सगळं उसवलं. आता तो घर विकत नाही, नुसतं कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात. मेहुण्याच्या दुकानातलं एक मशीन कुणालाच जमत नाही, म्हणून चार दिवसांसाठी येतो. पुढचं मी बेतलेलं नाही. शिवणीत भरपूर कापड सोडलंय, तो ठरवेल तसं.

तब्येतीस जपावे.

तुमचाच,
मेहुणा

ता. क. दुकानामागची खोली रिकामी करून रंगवली आहे. खिडकी रस्त्याकडे, जिना एकही नाही. कादंबरीशी याचा संबंध नाही, सहज कळवलं.

ता. क. कादंबरी किती झाली म्हणाल, तर या पत्रात आली तेवढीच.

ता. क. ताईने मला घेऊन दिलेलं पहिलं मशीन काल संध्याकाळपर्यंत छान चालत होतं. कथानकाची गरज म्हणून मी त्याचा एकच स्क्रू सैल करायला गेलो. आता ते खरोखरच चालत नाही, आणि माझ्या हातात एक स्प्रिंग उरली आहे, ती कुठली ते कळत नाही. हत्यारं घेऊन या.