खडू किती घालायचा याचा माझा निम्मा हक्क

मी, आमच्या कागद कारखान्याचा धाकटा निम्मा मालक, वय बावीस, प्रकृती ठणठणीत, डोके तापलेले पण ठिकाणावर, कोणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःच्या रागाने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. या वयात कशाला, असे ज्याला वाटेल त्याने दादाला विचारावे. बाबा जाताना कारखाना आम्हा दोघा भावांना निम्मा-निम्मा देऊन गेले. काल लगद्याच्या टाकीपाशी सगळ्या कामगारांदेखत दादा म्हणाला, "तुला ना बायको ना पोर. तुझ्यामागे सगळं माझंच आहे, मग आत्तापासूनच माझं ऐक." म्हणून हे.

१. माझा निम्मा हिस्सा, आणि लगद्यात खडू किती घालायचा हे ठरवण्याचा निम्मा हक्क, मी आमचा कागद घेणाऱ्या छापखान्याच्या मशीनवालीला देतो. कारणही लिहितो, नाहीतर उद्या कोर्टात मला वेडा ठरवतील.

आमचा कागद स्वस्त, शाळेच्या पुस्तकांचा. त्यात खडूची भुकटी लागतेच. नसली तर पाठच्या पानावरची अक्षरे पुढे दिसतात. पण खडू लगद्यापेक्षा स्वस्त, म्हणून दादाचा हात सैल सुटला. प्रमाणाबाहेर खडू गेला की कागद दिसायला गोरापान, अंगात दम नाही. छापताना भुकटी झडते, पान उलटताना कोपरा हातात येतो. मशीनवालीने आमचा ट्रक परत पाठवला. मी बाह्या सरसावून भांडायला गेलो. तिने मशीन थांबवले, रबरी रुळावरून फडके फिरवले आणि माझ्या तळहातावर पांढरी भुकटी झटकली. "हा तुमचा कागद. यातून जो उरला त्यावर आम्ही पुस्तक छापतोय."

भांडण तिथेच राहिले. पुढे नमुने घेऊन मी इतक्या फेऱ्या मारल्या की छापखान्याचा पहारेकरी मला जावईबापू म्हणू लागला. शेवटी खडू कमी करून त्यात थोडी शंखजिऱ्याची, म्हणजे कॅरमला लावतात ती, गुळगुळीत पूड मिसळलेला कागद तिने दिव्यापुढे धरला, दुमडला, नखाने खरवडला आणि म्हणाली, "हा ठेवून जा." तेव्हापासून मी एवढ्यावरच जगतो आहे. दादाला तोच कागद महाग वाटतो. मी असेपर्यंत त्याच्याशी भांडेन. नसेन तेव्हा ती भांडेल, आणि ती माझ्यापेक्षा बरी भांडते.

२. माझा प्रयोगशाळेतला कोट कॉलेजच्या रसायनाच्या सरांना. मी वर्ग सोडला तर दोघांचं भलं होईल, असे ते म्हणाले होते. माझे झाले. तुरटी घातलेल्या लगद्यात खडू पडला की फेस येतो, हे त्यांनीच शिकवलेले मी दादाला वेळेवर सांगितले होते. कॉलेज सोडलेल्यांनी अक्कल शिकवू नये, म्हणाला. मग फेस टाकीवरून उतरून त्याच्या ऑफिसात शिरला. त्या दिवशीचे त्याचे बूट माझ्याकडे आहेत. ते सन्मानाने परत करावेत.

३. मोटारसायकल वहिनीला. तिला चालवता येते हे दादाला ठाऊक नाही. आता होईल.

४. आईला काही देत नाही. माझ्याकडे आहे ते तिचेच. तिने दादाशी अबोला मात्र धरू नये. तो कंजूस आहे, वाईट नाही.

साक्षीदार पहिले: टाकीवरचे मिस्त्री. वाचून म्हणाले, "धाकटे मालक, लग्नाचं विचारायला एवढा कागद लागत नाही." तरी सही केली.

साक्षीदार दुसरे: हिशेबनीस यायचे होते, पण तेवढ्यात नवा माल बघायला मशीनवाली आली. तिने उभ्या-उभ्या सगळे वाचले आणि पेन मागितले. मी तिला सांगितले की ज्याच्या नावे काही ठेवले आहे त्याने साक्षीदार व्हायचे नसते; सही केली तर त्याला काही मिळत नाही, वकिलाने बजावले आहे.

"माहीत आहे," म्हणाली, आणि सही केली. "तुमच्यामागचं मला काही नको. विचारायचं ते जिवंतपणी विचारा."

मी मिस्त्रींदेखत विचारले. उत्तर ती सोमवारी देणार आहे, टाकीपाशी, आधी दादाशी खडूचे बोलून झाल्यावर. मी मध्ये तोंड घालायचे नाही अशी अट आहे.

सबब कलम १ बाद, बाकीची कायम. सोमवारपर्यंत मरण्याचा माझा मुळीच विचार नाही.

स्थळ: कारखान्याचे मालघर. वार शनिवार, जेवणाची सुट्टी.

सही: (घाईघाईची आहे, तरी माझीच.)