दुसऱ्या गाण्याचा मुखडा

६ ऑक्टोबर, सकाळ
रोज फोनला बोलायचं, तो लिहून ठेवतो, असं सून नम्रता म्हणाली. मला वाचता येत नाही आणि तिला सवड नाही. मनातलं ठेवायला याहून भक्कम कुलूप मिळायचं नाही.

तर लिही बाबा. मी बायजाबाई, मुक्काम पेण. लग्नात धवले गाणारी धवलारीण, आणि गेली दोन वर्षं गीतकार. संगीत रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या तौहीदचं. बापाच्या दुकानावरच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्याने स्टुडिओ केलाय. शब्द माझे. ‘मामा रुसला मांडवान, मामी नाचं गो.’ वडखळपासून रोह्यापर्यंत एक हळद नाही, जिथे डीजेवर हे वाजलं नाही.

तौहीदला आता दुसरं गाणं हवंय. लग्नं सुरू व्हायच्या आत. दिलंच म्हणून समज.

९ ऑक्टोबर
सुचलं नाही. उकाडा फार.

१२ ऑक्टोबर
झालं! फोनवर तौहीदला अख्खं ऐकवलं. धवल्याच्या रीतीप्रमाणे आधी देवांना आवतण: गणपती, गावदेवी, एकवीरा, म्हसोबा, वेताळ. त्याने मध्येच विचारलं, आजी, नवरी कधी येणार? म्हटलं, देव बसले की. तो म्हणाला, देव बसेपर्यंत साडेचार मिनिटं झाली, गाणं तीन मिनिटांचं हाय. मी म्हटलं, देवाला न बोलवता लग्न लावलं आणि मांडव पडला तर? म्हणे, मांडवाला डेकोरेटर जबाबदार.

आजकाल सगळ्याला डेकोरेटर आहे.

निश्चय: देव कमी करायचे.

१४ ऑक्टोबर
तीनच ठेवले. दुपारी दूध नासलं. सगळे परत घेतले, माफी मागून.

१७ ऑक्टोबर
तौहीद म्हणतो, देव राहू देत, मला फक्त मुखडा द्या. दोन ओळी. पहिल्यासारख्या. कोणी किमया म्हणून पोरगी आहे, रोह्याच्या कॉलेजातली. तिने एका दिवसात चार मुखडे पाठवले. मी म्हटलं, अरे, कोंबडीसुद्धा दिवसाला एकच देते. तो हसला नाही.

परीक्षा घेतोय माझी. संगीतकार लोक घेतात अशी. पाच नोव्हेंबरपर्यंत मुखडा नाही आला, तर किमयाचं गाणं घेणार म्हणे. घेतोय! जोडी म्हणजे काय चप्पल आहे, एक बदलली नि चालला?

२२ ऑक्टोबर, पाडवा
सगळे आले, हौसा नाही आली. हौसा माझी जाऊ. धवल्याला आम्ही दोघी बसतो, मी पुढे, ती मागून ओळ ओढणारी. गाणं आल्यापासून भांडण सोडलं तर ती माझ्याशी बोलत नाही. कारण काय, देव जाणे. पहिल्या गाण्याला तौहीदकडे ती शेजारी बसली होती, एखाद-दुसरा शब्द बोललीही असेल. शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव द्यायचं म्हटलं तर एसटीच्या ड्रायव्हरचंही द्यावं लागेल.

२५ ऑक्टोबर
हौसाकडे वाटीभर सोडे मागायला गेले. सोडे घरात होते. पण हौसा भांडायला लागली की तिचं बोलणं आपोआप तालात येतं. ऐकून काही सुचलं तर बघावं, एवढाच हेतू. तिने अंगणात वाळत घातलेल्या मांदेलीवर मी मुद्दाम पाय दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मासे गोळा केले आणि आत गेली.

चाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याशी भांडली नाही. घरी येऊन जेवण गेलं नाही.

२८ ऑक्टोबर
आज रोह्याच्या गाडीत, निडी गावाजवळ, मुखडा सुचला! अष्टमीपर्यंत जीव मुठीत धरून नेला. ‘मावशी रुसली मांडवान, काका नाचं गो.’ तौहीद म्हणाला, आजी, हे तेच हाय. मी म्हटलं, याला शैली म्हणतात. त्याने चहा मागवला. वाईट सांगायचं असलं की तो चहा मागवतो. मी चहा पिऊन परतले.

२ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. सकाळपासून वृंदावनापुढे बसले. पोटात दोनशे धवले आहेत. सगळे सासूने दिलेले. माझा कुठला, म्हणून शोधायला लागले. दुपार झाली. एकही नाही.

गाण्यातला तो मामाही हौसाचाच. तिच्या मुलाच्या, साईराजच्या लग्नात तिचा सख्खा भाऊ मानाच्या टोपीवरून रुसला होता. अष्टमीच्या खोलीत बसून ती त्याला शिव्या घालत होती. माइक माझ्यासमोर होता. मी गायले.

एवढंच झालं. एवढंच.

४ नोव्हेंबर
निश्चय: तौहीदला खरं सांगायचं. त्याचे डोळे भरून येतील, म्हणेल, आजी, शब्द कुणाचेही असोत, जोडी आपली. आधी हौसाला सांगितलं. ती म्हणाली, एवढं कळाया दोन वर्सं लागली व्हय गो? आणि लुगडं बदलून बाहेर आली. मी येते म्हणाली, तुझं थोबाड बगायला.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
सांगितलं. तौहीद म्हणाला, मला माहीत हाय. हौसाआजी मागून सांगत होत्या ते माइकात आलंय, कापायला तीन दिवस गेले. विचारलं, मग दोन वर्षं मला का रे बोलवत होतास? म्हणाला, तुम्ही वेळेवर येता.

मग त्याने हौसाला विचारलं, तुम्ही देता का मुखडा? ती म्हणाली, मला सवड नाय बाबा, मासळी उन्हात टाकून आलीय. हिला घे, ही रिकामी हाय.

त्याने माझ्या कानाला हेडफोन लावला. किमयाचं गाणं कालच रेकॉर्ड झालंय. एकही देव नाही. चांगलं आहे. वाईट असतं तर बरं झालं असतं.

परतताना नागोठण्याला एसटीचा ड्रायव्हर चहाला गेला तो आलाच नाही. हौसा खिडकीतून त्याला बोलायला लागली. एक ओळ झाली, तिला जोडून दुसरी आली, पुढच्या सीटवरच्या बाया हसायला लागल्या. मी पिशवीतून फोन काढला. हौसा थांबली. म्हणाली, ठेव तो आत, नायतर उद्या तुजं होईल.

ठेवला.

दोन्ही ओळी पाठ आहेत. इथे सांगत नाही.