रबरी काका आणि माझा हात

३ मार्च, दुपार

…छाती दाबतेच आहे, तेवढ्यात काका मेले. मेले म्हणजे रडूबाईने मारले. ती काचेपलीकडे बसून कळ दाबते आणि इकडे रबरी काकांच्या हृदयाची रेघ सरळ होते. घाम पुसून म्हटलं, खरा पेशंट असता तर वाचवला असता. म्हणाली, सिस्टर, खरा पेशंट याच्या बराच आधी गेला असता.

रडूबाई पूर्वी माझ्या हाताखाली आयसीयूत शिकाऊ होती. मी ओरडले की लिनन रूममध्ये जाऊन रडायची. आता रबरी पेशंटांवर सराव करून घेणाऱ्या सिम्युलेशन लॅबची प्रमुख आहे. रडत नाही.

नवा नियम असा: आयसीयूतल्या प्रत्येक नर्सने महिनाअखेरपर्यंत बाहुल्यावर परीक्षा द्यायची. संधी तीन. गैरहजर राहिलं तरी संधी गेली. तिन्ही गेल्या तर आयसीयू सुटलं. इन्चार्जलाही, म्हणजे मलाही, सूट नाही. मेट्रन म्हणाल्या, तुमच्यापासून सुरुवात केली तर मुलींना धीर येईल. आला असेल. सगळ्या दाराच्या काचेला नाकं लावून उभ्या होत्या.

पहिली संधी गेली असं मी म्हणणार नाही. जागा बघून आले.

४ मार्च

कालच्या परीक्षेचा व्हिडिओ दाखवला. याला डीब्रीफिंग म्हणतात. गोल मांडलेल्या खुर्च्या, पाण्याचे ग्लास, मध्ये टिश्यूचा डबा. तो माझ्यासाठी असेल तर रडूबाईने मला अजून ओळखलेलं नाही.

तिने विचारलं, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं? इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. म्हटलं, एसी जास्त आहे असं वाटलं.

व्हिडिओत दिसतं ते असं. मॉनिटर बोंबलतो. एक हात येतो, अलार्म बंद करतो. मी काकांच्या पायाकडची चादर सारखी करते. काकांचे ओठ निळे होतात. (आत निळे दिवे बसवलेत. वॉर्डातला बल्ब बदलायला महिना लागतो.) पुन्हा अलार्म. पुन्हा हात.

रडूबाई म्हणाली, आधी पेशंट, मग अलार्म.

म्हटलं, मी पेशंटकडेच बघते. तो हात माझा वाटत नाही.

तिने व्हिडिओ थांबवला आणि मोठा केला. मनगटावर माझं घड्याळ. ह्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेलं.

म्हटलं, अशी घड्याळं बाजारात खूप आहेत.

५ मार्च

मुद्दा लिहून ठेवते. आयसीयूत सारखं काही ना काही वाजतं. पेशंट खोकला की वाजतं. कुशीवर वळला की वाजतं. बोटाची क्लिप निघाली की वाजतं. दर वेळी धावत सुटले असते तर गुडघे कधीच गेले असते. कुठला अलार्म खरा आणि कुठला उगाचचा, हे मला आवाजावरून कळतं. याला अनुभव म्हणतात. बाहुल्याला तो कुठून असणार?

ठरवलं: बाहुल्यासाठी बदलणार नाही. फक्त पास होणार.

७ मार्च, संध्याकाळ

घरी सराव. ह्यांना सोफ्यावर आडवं केलं आणि मरायला लागा म्हटलं. हे रिटायर झाल्यापासून सांगितलेलं पटकन ऐकतात. डोळे मिटून इतके छान पडले की दोन मिनिटांत घोरायला लागले. उठवलं. म्हटलं, तुम्हीच मॉनिटर पण व्हा. ह्यांनी टूं टूं सुरू केलं. माझा हात जाऊन सरळ त्यांच्या तोंडावर बसला.

हात काढल्यावर म्हणाले, लग्न झाल्यापासून हेच चाललंय. मग म्हणाले, मी जगलो की गेलो ते एकदा सांग, दूध उतू जातंय.

गेलंच. दूध.

१२ मार्च

दुसरी संधी. पूर्ण तयारीनिशी गेले. योजना साधी होती: उजवा हात एप्रनच्या खिशात. काही झालं तरी बाहेर काढायचा नाही.

रबरी काका बोलायला लागले. आवाज टेक्निशियनचा, उशीत स्पीकर. म्हणाले, सिस्टर, श्वास घेता येत नाहीये. म्हटलं, बोलता येतंय ना, म्हणजे येतोय. काचेपलीकडे कुणीतरी हसलं. मग काका बोलायचे थांबले आणि मॉनिटर सुरू झाला.

उजवा हात शेवटपर्यंत खिशात होता. व्हिडिओ साक्षीला आहे. अलार्म डाव्या हाताने बंद केला.

रडूबाईने व्हिडिओ बंद केला. मग हळू विचारलं, सिस्टर, वॉर्डातही असंच होतं का? म्हटलं, वॉर्डात रबराची माणसं नसतात. तिने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तिच्याकडे परत सरकवला.

१८ मार्च

आज खिडकीजवळच्या आजोबांचा व्हेंटिलेटर वाजला. ते सकाळपासून खोकत होते, सारखा वाजतच होता. मी शेजारच्या बेडचं सलाईन बघत होते. हात लांब करून बंद केला.

चष्मा ड्रेसिंग टाकून धावली. चष्मा म्हणजे जाड भिंगांची नवी मुलगी. आजोबांची नळी जोडातून सुटली होती. तिने जोडली. आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, हळूहळू रंग आला. मुलगी चांगली तयार झाली आहे. बाहुल्यावरचा कोर्स तिने मागच्या महिन्यात केला असला तरी पाया माझा.

डॉक्टर आले. विचारलं, अलार्म वाजला नाही का? चष्माने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, वाजला ना सर, म्हणून तर धावले. पुढे कुणी काही विचारलं नाही. अबोल आहे पोरगी.

बाहेर बाकावर आजोबांचा मुलगा डबा उघडून बसला होता. मला बघून उभा राहिला. म्हणाला, तुम्ही आत आहात म्हणून घास उतरतो, सिस्टर.

म्हटलं, जेवा. गार होईल.

१९ मार्च

विशेष काही नाही. जेवले नाही. अॅसिडिटी.

२१ मार्च

ड्यूटी संपल्यावर चष्मा चेंजिंग रूममध्ये आली. म्हणाली, सिस्टर, परवाचं मी कुणाला बोलले नाही. पण तिसऱ्यांदा नीट द्या हं. हं म्हणाली. माझ्या खुर्चीसमोर उभं राहून हं. म्हटलं, परवा काय झालं होतं? ती खाली बघून बुटांच्या लेस बांधत बसली. लेस आधीच बांधलेल्या होत्या.

मग म्हणाली, लॅब संध्याकाळी रिकामी असते, येता का? मला सराव हवाय. मुलीला सराव हवा असेल तर इन्चार्ज म्हणून नाही म्हणता येत नाही.

२२ मार्च

गेलो. सरावाला तीच मॉनिटरपाशी बसली आणि मी काकांपाशी, पण त्याला काही अर्थ नाही.

तिने एक युक्ती सांगितली. तिला रडूबाईने शिकवलेली. अलार्म वाजला की आधी दोन्ही हात पेशंटच्या खांद्यांवर ठेवायचे. हात तिथे अडकले की डोळे आपोआप चेहऱ्याकडे जातात. म्हटलं, हे शाळेतल्या मुलांचं झालं. म्हणाली, करून तर बघा.

पहिल्यांदा अलार्म बंद केला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हात निघाला, वाटेत थांबला आणि खांद्यावर आला. रबरी काकांचे डोळे तपकिरी आहेत. पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

२७ मार्च

रोज संध्याकाळी जाते आहे. आज एकदाही चुकलं नाही. चष्माने टाळ्या वाजवल्या. म्हटलं, नाटक नको. हात आता आपणहून खांद्यावर जातात. ह्यांनी चहाला हाक मारली तरी जातात. हे म्हणाले, बरं वाटतं, चालू ठेव.

आज वॉर्डात खिडकीजवळच्या आजोबांचा अलार्म वाजला. मी आधी आजोबांकडे बघितलं. नुसते खोकत होते. तरी बघितलं.

रडूबाईची पद्धत बरोबर आहे असं नाही. मला जमत होतंच, फक्त करून दाखवलं नव्हतं.

२९ मार्च, रात्री जेवण झाल्यावर

उद्या सकाळी आठला तिसरी संधी. युनिफॉर्मला इस्त्री केली. पास झाल्यावर काय बोलायचं ते ठरवलं: काही नाही. नुसतं टिश्यूच्या डब्याकडे बघायचं.

दोन गजर लावले, एक उशाच्या घड्याळाचा, एक मोबाईलचा. हे म्हणाले, मी उठवतो. म्हटलं, मुळीच नाही. पहाटेच्या ड्यूट्या केलेल्या बाईला उठवायला माणूस लागत नाही. मला हातसुद्धा लावू नका.

आत्मविश्वास पूर्ण आहे. हात शांत आहेत.

३० मार्च, सकाळ

जाग आली तेव्हा ऊन पलंगावर होतं. पावणेदहा. हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

म्हणाले, दोन्ही गजर वाजले. दोन्ही तूच बंद केलेस. मग वळून माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवलेस आणि घोरायला लागलीस. उठवू नका म्हणाली होतीस.

विचारलं, आधी खांदे की आधी गजर?

म्हणाले, आधी गजर.

मोबाईलवर रडूबाईचे पाच मिस्ड कॉल, चष्माचे अकरा. फोन वाजला कसा नाही म्हणून ह्यांना विचारलं. म्हणाले, पहिला वाजला. तेव्हा फोनचा आवाजच बंद केलास.

अकराला मेट्रनच्या खोलीत गेले. रडूबाई तिथे होती. तिचे डोळे लाल होते. एक तारखेपासून निर्जंतुकीकरण विभाग. आयसीयूच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.