पाणी पिऊन होईपर्यंत

३ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमची फौज आमच्या दारात येऊन थडकली. यामागे तुमचंच डोकं असणार हे मी लगेच ओळखलं. पहिल्या दिवशी चाळीसेकजणी फाटकाशी उभ्या होत्या. लढाई आणखी वर्षभर लांबवायचा ठराव पुढच्या महिन्यात सभागृहात येतोय, त्याच्या विरुद्ध मत द्या, असा सह्यांचा अर्ज हातात. तुमचे दादा ठरावाच्या बाजूने आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण निवडून आलेला माणूस दार लावून बसला असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी तोड काढली. रोज सकाळी एकच बाई भेटीच्या खोलीत येईल, पेलाभर पाणी पिऊन होईपर्यंत बोलेल, आणि लढाईबद्दल किंवा राजकारणाबद्दल अवाक्षर काढणार नाही. आठवड्याभरात कंटाळतील, असा त्यांचा होरा आहे.

पाणी द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे. आज कपडे शिवणारी एक बाई आली होती. तिच्या मुलाला शिट्टी येत नाही म्हणे, नुसती हवाच जाते, तरी दिवसभर तोंडाचा चंबू करून फिरतो. तिने ती हवा फुंकून दाखवली, पाणी संपवलं आणि गेली. इतकंच.

तुमचा भाचा, आपला चि., मजेत आहे. ह्यांनी शब्द टाकला म्हणून आघाडीवर न जाता डेपोत, बुटांच्या कोठारात काम मिळालं, ते बरंच झालं. त्याची तक्रार एकच. त्याच्या आधीच्या मुलाने बुटांचे सगळे जोड अशा काही गाठीने बांधून ठेवलेत की सोडवता सोडवता याची नखं झिजली.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वरून थोडं भांडलात तरी चालेल.

तुमची,
वहिनी

९ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

डोकं माझं नाही, आमच्या चष्म्याच्या दुकानाचं. उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तीन बायका चष्मा बिघडला म्हणून आल्या. घरी आलेली फौजेची तार वाचता येत नव्हती. मी नंबर तपासला, काचा पुसल्या. चष्मे ठणठणीत होते. तिघींना एका बाकावर बसवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

दादाच्या अटीपाशी आमचं घोडं जरा अडलं होतं. लढाईबद्दल बोलायचं नाही तर बोलायचं काय? मग मीच म्हटलं, मुलाबद्दल असं काहीतरी सांगा जे फौजेच्या कुठल्याच कागदात नसेल. ज्यांचं मूल आघाडीवर आहे किंवा होतं, त्यांनीच त्या खुर्चीत बसायचं, हाही नियम माझाच. म्हणून मला बसता येत नाही. मला मूलच नाही. तुलाही येणार नाही, चि. डेपोत आहे. पण तुला दादाशी बोलायला पाण्याचा पेला कशाला हवा? एकदा बोल ना.

तुझ्या मायेची आम्हाला सवय लावलीस, आता ती मोडू नकोस.

तुझी,
धाकटी

२४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

कंटाळलं कुणीच नाही. बायका पाणी पिऊन जातात, पण त्यांची मुलं आमच्याकडेच राहतात. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. गवंड्याच्या बायकोचा मुलगा एकेक पायरी गाळून जिना चढतो. भरदुपारी मला ते ऐकू येतं. पोस्टात काम करणाऱ्या बाईंचा मुलगा नळ इतका आवळतो की दुसऱ्या कुणाला उघडत नाही. काल आमचा न्हाणीघरातला नळ मला उघडेना. घरात आम्ही दोघंच आहोत. मला भीती वाटते. ह्यांनाही ऐकू येत असावं, कारण घास हातात धरून जिन्याकडे बघत राहतात.

आज बेकरीत काम करणारी एक बाई आली. तिच्या मुलाला जोडातला एक बूट हरवलेला खपत नसे, म्हणून नाड्यांना तो स्वतःची अशी एक गाठ मारायचा, असं तिने सांगितलं. चि.चं पत्र ह्यांनीही वाचलेलं होतं. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा तिने बाकीचं सांगितलं. मुलगा डेपोच्या कोठारात होता. ऑगस्टमध्ये कुणासाठी तरी जागा रिकामी करायला लावून त्याला आघाडीवर धाडलं. महिना भरायच्या आत तार आली. त्याच्या जागी कोण आलं हे मोठ्या घरच्या माणसांना कळू शकेल का, असं तिने विचारलं. भांडायला नाही. तो नवा मुलगा गाठी सोडवून हैराण झाला असेल, त्याला युक्ती सांगायची होती. माझ्या शालीच्या टोकाला गाठ मारून, ती सोडवून दाखवली तिने. मी सगळं पाहून घेतलं, पण तो नवा मुलगा आपलाच हे सांगितलं नाही.

चि.ला लिहू का ती गाठ कुणाची होती ते? ह्यांना विचारायची छाती होत नाही.

मला अंतर देऊ नका, एवढंच.

तुमची,
वहिनी

२८ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तिला मी मुद्दाम पाठवलं नव्हतं, एवढा विश्वास ठेव. दादाचा मला इतका राग आलाय की त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

चि.ला खरं ते लिही. तो काही कुक्कुलं बाळ नाही.

काही झालं तरी मला आपली म्हण.

तुझी,
धाकटी

१० नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी लिहिलं. गाठ कशी सोडवायची तेही लिहिलं. चि.चं उत्तर आलं. सगळे जोड मोकळे करून ठेवले, आणि वरिष्ठांकडे अर्ज देऊन तो आघाडीवर गेला. बाबांना पुन्हा शब्द टाकू देऊ नकोस, असं बजावलंय. ह्यांच्यापुढे पत्र ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि टोपी न घालताच बाहेर पडले.

वन्सं, तुम्हाला मी बोल लावत नाही. विचारलं मी होतं. लावायचा म्हटला तरी माझ्याच्याने होणार नाही. पण आता तुमच्या नियमात मी बसते. मतदानाच्या आदल्या सकाळी दुसऱ्या कुणाला पाठवू नका.

आजवर जीव लावलात तसाच लावा.

तुमची,
वहिनी

२१ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मतदानाच्या आदल्या सकाळी नेहमीच्या वेळी मी भेटीच्या खोलीत जाऊन बसलो. तुझी वहिनी बाहेरचा कोट घालून पुढच्या दाराने आली आणि त्या खुर्चीत बसली. पाणी मीच ओतलं. तिने सांगितलं, तिच्या मुलाला शिंका नेहमी तीन येतात. दोन झाल्या की तो हात वर करतो आणि तिसरी येईपर्यंत घरात कुणाला बोलू देत नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? पण ती एखाद्या परक्या माणसाला सांगावं तसं मला सांगत होती. लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही. अट माझीच होती. पाणी संपल्यावर माझे आभार मानून पुढच्या दाराने गेली, आणि घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली.

मी ठरावाविरुद्ध मत दिलं. ठराव थोडक्यात पडला. तुझ्या बायका जिंकल्या, त्यांना माझा नमस्कार सांग. गोळीबार महिनाअखेरीला थांबेल. तोवर चि. तिथेच. त्याचं पत्र नाही.

आज सकाळी मी दाढी करत असताना जिन्यावर शिंक ऐकू आली. मग दुसरी. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला, तेव्हा कळलं की तिनेही ऐकलंय. तिसरी अजून आलेली नाही. संध्याकाळ होत आली, आम्ही दोघंही एकमेकांशी बोललेलो नाही.

माझ्यासाठी लोभ मागायला तोंड नाही. वहिनीवरचा असेल तो घेऊन लवकर ये.

तुझा,
दादा